कुत्रं चावल्यापासून मेंदूपर्यंत: रेबीजचा विषाणू, त्याचं कूळ आणि हातात असलेला वेळ

उसाच्या फडाजवळ कोपीच्या दारात निजलेल्या चार वर्षांच्या लेकराच्या पोटरीला कुत्र्याच्या पिलानं दात लावले. तांदळाच्या दाण्याएवढे दोन ठिपके, रक्ताचा एखादा थेंब. पिलू रोजचंच, ऊसतोड टोळीबरोबर आलेलं. आई चिमूटभर हळद दाबते आणि पहाटे कोयता घेऊन फडात जाते. रेबीजच्या मृत्यूची सुरुवात अनेकदा अशीच होते. जखम म्हणावी की नाही असा प्रश्न पडेल इतकी ती लहान असते, म्हणून कुणी दवाखान्याची वाट धरत नाही.

त्या दोन ठिपक्यांच्या आत काय होतं, ते आधी पाहू. पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो. आकार बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला सपाट. लांबी इतकी कमी की एका मिलिमीटरमध्ये साडेपाच हजार विषाणू एकामागे एक मावतील. दाताबरोबर तो स्नायूत उतरतो. तिथे तो काही दिवस ते काही आठवडे स्नायूच्या पेशींत थोडाफार वाढत राहतो. रक्तातून तो पसरत नाही. त्याला मज्जातंतूचं टोक गाठायचं असतं. स्नायू आणि मज्जातंतू जिथे जोडलेले असतात, तिथल्या पेशींवरच्या खुणांना तो चिकटतो, आत शिरतो आणि मग उलट्या दिशेनं, म्हणजे पाठीच्या कण्याकडे आणि मेंदूकडे, सरकू लागतो.

हा वेग दिवसाला साधारण ५ ते १० सेंटीमीटर असतो. लेकराच्या पोटरीपासून मेंदूपर्यंत पाऊण मीटर अंतर धरलं, तर प्रवास आठ ते पंधरा दिवसांत संपायला हवा. पण माणसात लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षाहूनही जास्त. मधला वेळ विषाणू बहुतांशी जखमेच्या आसपासच घालवतो, आणि उपचाराला मिळणारी सगळी संधी तेवढीच. एकदा तो मज्जातंतूच्या आत गेला की रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी शरीराची प्रथिनं, तिथे नीट पोचत नाहीत. चेहरा, मान, डोकं आणि बोटं यांना मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदू हाताच्या अंतरावर असतो. म्हणून तिथल्या चाव्यानंतर कधीकधी दोन आठवड्यांतच आजार सुरू होतो. लेकरांना चेहऱ्यावर आणि डोक्यावर चावे जास्त बसतात, कारण त्यांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाइतकी असते. संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांत जगभरात सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात.

साबण, पंधरा मिनिटं

या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. साबण चिकट भांड्यावरचं तेल जसं सोडवतो, तसंच हे आवरण फोडतो. आवरण गेलं की विषाणू पेशीत शिरू शकत नाही. म्हणून वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. कपड्याचा साबण चालतो. नळ नसेल तर घागर आणि तांब्या घ्या. एकानं पाणी ओतायचं, दुसऱ्यानं धुवायचं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात पंधरा मिनिटांचं पाणी म्हणजे थोडंथोडकं नाही, हे खरं आहे. तरीही घरातलं उरलेलं पाणी या कामासाठी खर्च करावं, इतकं ते मोलाचं आहे. नंतर बीटाडीन किंवा स्पिरिट.

हळद, चुना, मिरची, तंबाखू, तेल यातलं काहीही लावू नये. यांनी विषाणू मरत नाही, उलट चोळल्यानं जखम चिघळते आणि विषाणू अजून आत ढकलला जातो. घट्ट पट्टी बांधू नये. टाके शक्यतो घालूच नयेत. जखम फाटलेली असेल आणि घालावेच लागले, तर आधी जखमेत सिरम (त्याबद्दल पुढे), आणि मग काही तासांनी सैलसर टाके. टाक्याची सुई विषाणूला नव्या मज्जातंतूंपर्यंत नेऊन सोडते.

एआरव्ही आणि सिरम: दोन वेगळी औषधं

दवाखान्यात दोन गोष्टी मिळतात आणि लोक दोन्हींना ‘कुत्र्याचं इंजेक्शन’च म्हणतात. एक लस, म्हणजे एआरव्ही (अँटी रेबीज व्हॅक्सिन). ती शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. दुसरं सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं, जी त्याच क्षणी कामाला लागतात. लशीचा परिणाम दिसेपर्यंतचे दिवस सिरम सांभाळतं. कुणाला काय द्यायचं हे जखमेवरून ठरतं. न फाटलेल्या कातडीवर फक्त चाटलं असेल तर धुणं पुरे. रक्त न येता बोचकारलं किंवा कातडी नुसती दातात धरली, तर लस. रक्त आलं, दात आत रुतला, उघड्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली, किंवा कोल्हा, लांडगा, मुंगूस यांनी चावलं, तर लस आणि सिरम दोन्ही. वर सांगितलेली पोटरी या शेवटच्या गटात येते, कारण तिथे एक थेंब का होईना, रक्त आलं होतं.

सिरम बहुतेक ठिकाणी घोड्यापासून बनवलेलं असतं. त्याची कमाल मात्रा किलोमागे ४० युनिट. ५ मिलीच्या व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, १,५०० युनिट असतात, म्हणजे मिलीमागे ३००. १४ किलोच्या लेकराला जास्तीत जास्त ५६० युनिट, म्हणजे दोन मिलीला थोडं कमी. ६० किलोच्या माणसाला जास्तीत जास्त २,४०० युनिट, म्हणजे ८ मिली. माणसाच्या रक्तापासून बनवलेल्या सिरमची मात्रा याच्या निम्मी, किलोमागे २०. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं प्रयोगशाळेत बनवलेलं एकक्लोनी (मोनोक्लोनल) प्रतिपिंडही आता उपलब्ध आहे. त्याची मात्रा किलोमागे फक्त ३.३३ युनिट.

आता इथे जी चूक सगळ्यात जास्त जीव घेते ती सांगायला हवी. सिरम कुल्ल्यावर टोचून काम होत नाही. ते जखमेत आणि जखमेच्या कडेनं, तिच्या तळापर्यंत भरायचं असतं, कारण विषाणू तिथे आहे. दोन ठिपके असतील तर दोन्हींत. डोक्याच्या केसांत लपलेला तिसरा ओरखडा असेल तर त्यातही. चावा बसलेलं लेकरू आणलं की त्याचे कपडे उतरवून, केस बाजूला करून, बोटांच्या बेचक्यांतून एकेक जखम शोधावी लागते. एक जरी सुटली तरी विषाणूला वाट मोकळी राहते. जखमा खूप असतील आणि सिरम पुरत नसेल तर ते सलाइनमध्ये वाढवतात, म्हणजे सगळीकडे थोडं थोडं पोचतं. बोटाच्या टोकाला भरताना हळूहळू, थोडंच भरावं, नाहीतर रक्तपुरवठा दाबला जातो. जखमेत सुई घालणं दुखतं. लेकरू किंचाळतं, आजी म्हणते राहू द्या डॉक्टर. तिथे थांबायचं नाही. पहिल्या लशीनंतर सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होऊ लागतात आणि सिरम त्यांच्याच आड येतं.

लशीचं म्हणाल, तर पोटात चौदा इंजेक्शनांचे दिवस कधीच गेले. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, काही जणांना तिच्यामुळे लकवा व्हायचा, आणि २००५ च्या सुमारास ती भारतात बंद झाली. पण ‘पोटात चौदा’ची धास्ती अजून गावोगाव आहे आणि तिच्यामुळेच लोक घरी बसतात. आता सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची पद्धत आहे: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, म्हणजे एका वेळी दोन टोचण्या, असं चार वेळा. दिवस ०, ३, ७ आणि २८. बरोबर टोचलं तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्याखड्ड्यांचा फुगवटा दिसतो. फुगवटा आला नाही तर औषध खाली उतरलं, शेजारी पुन्हा टोचायला हवं. स्नायूत टोचायची पद्धत असेल तर दिवस ०, ३, ७, १४, २८, जागा दंड. दोन वर्षांखालच्या लेकराला मांडीची बाहेरची बाजू. कुल्ल्यावर कधीच नाही, तिथल्या चरबीत लस अडकून पडते. गरोदर बाईला लस द्यायला काहीही हरकत नसते. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर पुन्हा चावल्यावर फक्त दिवस ० आणि ३, सिरम नाही.

इथे मोजणी चुकते. चावलं तो ‘पहिला दिवस’ असं लोक धरतात. कोर्स मोजताना लशीचा पहिला दिवस शून्य असतो. १ नोव्हेंबरला पहिला डोस झाला, तर पुढचे ४, ८ आणि २९ नोव्हेंबरला. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोड कुटुंबाला हा २९ नोव्हेंबर फार अवघड जातो. पहिला डोस गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), दुसरा कधी मिळतो कधी नाही, आणि चौथ्याला टोळी सांगली-कोल्हापूरकडे कारखान्याच्या हद्दीत. म्हणून लशीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी ठेवावं. कोणत्याही सरकारी दवाखान्यात पुढचा डोस मिळतो. तारीख हुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलं तिथून पुढे. मुकादमाला त्या दिवशीची अर्ध्या दिवसाची सुट्टी आधीच सांगून ठेवावी.

एक गोष्ट दवाखान्यांसाठीही. कातडीत टोचायच्या पद्धतीत एका व्हायलमधून दोन ते पाच जणांचं भागतं आणि पाणी मिसळल्यावर ती ६ ते ८ तासांत वापरावी लागते. म्हणून ‘आज एकच पेशंट आहे, उद्या या’ असं म्हणायची सवय पडते. व्हायल वाया गेली तरी चालेल, पहिला डोस उद्यावर जाता कामा नये. चावून महिना झाला आणि काहीच घेतलेलं नसेल, तरी आज जावं. विषाणू अजून स्नायूतच असू शकतो.

मेंदूत पोचल्यावर

बऱ्या झालेल्या जखमेच्या जागी मुंग्या येतात, खाजतं. दोनेक दिवस ताप, बेचैनी. मग पाणी पिताना घसा आवळतो. माणूस पाण्याला ‘भितो’ असं म्हणतात, पण त्याला तहान असते. घोट घेतला की घशाचे आणि श्वासाचे स्नायू आक्रसतात, आणि काही वेळा पाणी नुसतं दिसलं तरी तसं होतं. पंख्याचा वारा चेहऱ्यावर आला तरी झटका येतो. पाचांतल्या साधारण एका रुग्णात यातलं काहीच नसतं, पायांपासून लकवा वर चढत जातो, आणि डॉक्टरांनाही तो वेगळाच आजार वाटू शकतो. लक्षणं सुरू झाल्यावर बहुतेक जण आठ-दहा दिवसांत जातात. यावर औषध नाही. जगभरात वाचलेले अगदी मोजके आहेत, आणि त्यांना कसं वाचवलं ते दुसरीकडे तसंच करून जमलं नाही.

बारा हजार अक्षरांचा जीव

माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटी अक्षरं आहेत, म्हणजे ज्यांच्या क्रमात जनुकांचा मजकूर लिहिलेला असतो ते रासायनिक घटक. रेबीजच्या विषाणूत सुमारे बारा हजार, डीएनएऐवजी आरएनएच्या एका धाग्यावर. त्यात जनुकं फक्त पाच: एन, पी, एम, जी आणि एल, याच क्रमानं. एन आरएनएवर वेष्टन घालतं. पी आपल्या शरीराची पहिली धोक्याची घंटा, म्हणजे इंटरफेरॉन, दाबून ठेवतं. म्हणूनच आठवडेच्या आठवडे शरीराला चाहूल लागत नाही. एम गोळीला आकार देतं. एल हे विषाणूच्या आरएनएच्या नकला काढणारं नकलायंत्र आहे.

ही पाच जनुकं वाचायची रीत जायकवाडीच्या कालव्यासारखी आहे. नकलायंत्र नेहमी एन च्या टोकाकडूनच आत येतं आणि प्रत्येक जनुकाच्या हद्दीवर काही यंत्रं गळून पडतात. कालव्याच्या हेडला (तोंडाशी) पाणी मुबलक आणि टेलला (शेवटाला) कमी, तसंच हेडच्या एन ला मुबलक नकला, टेलच्या एल ला सगळ्यात कमी. विषाणूला नेमकं तेच हवं असतं. वेष्टन खंडीभर लागतं, यंत्रं थोडी पुरतात.

राहिलं जी. विषाणूच्या अंगावर जे काटे दिसतात, ते जी प्रथिनाचे. मज्जातंतूला चिकटतं तेही हेच, आणि लस शरीराला ओळखायला शिकवते तेही हेच. या प्रथिनात ३३३ व्या जागी आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. प्रयोगशाळेतल्या वाणांत ते बदललं की विषाणू सहसा प्रौढ उंदराला मारू शकत नाही. युरोपात खोकडांसाठी आमिषात घालून टाकलेली एक लस याच एका बदलावर उभी आहे.

आरएनए विषाणू नकला करताना चुका करतात, रेबीजही करतो, पण टिकणाऱ्या चुका थोड्या. बारा हजारांत वर्षाला साधारण दोन ते सहा अक्षरं. कोरोनाच्या विषाणूत महिन्यालाच दोनेक बदल टिकत होते. रेबीजला दोन अगदी वेगळ्या घरांत, स्नायूत आणि मज्जातंतूत, निभावून न्यावं लागतं. बहुतेक बदल त्याला परवडत नाहीत. याचा मोठा फायदा आपल्याला होतो. आजच्या काही लशींतला विषाणूचा वाण पाश्चरनं १८८० च्या दशकात वाढवलेल्या विषाणूचा वंशज आहे, आणि तो आजच्या मराठवाड्यातल्या कुत्र्याच्या विषाणूवरही चालतो. दरवर्षी नवी लस काढावी लागत नाही.

हे सावकाश पडणारे बदल कुळाच्या वहीसारखे वाचता येतात. जगातले कुत्र्यांमधले रेबीज विषाणू काही मोठ्या कुळांत पडतात. भारतातले बहुतेक नमुने ‘आर्क्टिकसदृश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातले निघतात. उत्तर ध्रुवाकडच्या खोकडांतल्या विषाणूचे ते चुलतभाऊ. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आणखी एक कूळ सापडतं, भारतीय उपखंडाचं. भारतात माणूस, गाय, म्हैस, मुंगूस, कोल्हा यांच्यात सापडलेले विषाणू वाचले तर ते कुत्र्यांच्याच फांदीवर बसतात. माणसांची वेगळी फांदी कुठेच नाही, कारण माणसाकडून विषाणू पुढे जात नाही. अवयवरोपणाच्या मोजक्या घटना सोडल्या, तर साखळी प्रत्येक वेळी माणसापाशी तुटते. म्हणजे आपण कितीही माणसांना लस दिली तरी रोग कुत्र्यांत तसाच फिरत राहणार.

एन जनुकाची सुमारे १,३५० अक्षरं वाचून कूळ कळतं. पण शेजारच्या दोन तालुक्यांतली साखळी एकच की वेगळी, हे त्यावरून सांगता येत नाही. एवढ्या तुकड्यात एक बदल पडायलाच दोन-तीन वर्षं लागतात. त्यासाठी पूर्ण बारा हजार अक्षरं वाचावी लागतात.

किती माणसं जातात

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. त्यातून निघालेला अंदाज असा: देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश आणि ५,७२६ रेबीजचे मृत्यू. वीस वर्षांपूर्वीचा अंदाज सुमारे वीस हजारांचा होता, म्हणजे घट मोठी आहे. पण चावलेल्या पाचांपैकी एकानं एकही लस घेतलेली नव्हती, हेही त्याच पाहणीत दिसलं. दवाखान्याच्या नोंदीत आकडे याहून फार कमी दिसतात. रुग्ण पाण्याला भितो म्हटल्यावर नातेवाईक त्याला घरी नेतात, तिथेच तो जातो, आणि मेंदूचा नमुना कुणी घेत नाही. खात्रीची तपासणी मात्र त्यावरच होते. जिवंतपणी लाळेत किंवा मानेच्या कातडीत विषाणू शोधतात, पण एकदा न सापडला म्हणून रेबीज नाही असं म्हणता येत नाही.

गोठ्यातली भीती

म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध घेतलेलं सगळं गाव पीएचसीपुढे उभं राहतं. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचा पुरावा नाही, आणि उकळलेल्या दुधात विषाणू जगत नाही. अशा जनावराचं दूध काढू नये आणि पिऊ नये, पण त्यासाठी गावभर लस संपवायचीही गरज नाही. खरा धोका वेगळ्याच माणसाला असतो. पिसाळलेलं ढोर चारा गिळू शकत नाही, लाळ गाळतं, सारखं हंबरतं. मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलं. तो कोपरापर्यंत हात तोंडात घालून चाचपतो, किंवा नळकांड्यानं औषध पाजतो. शेतातल्या कामानं त्याच्या बोटांवर चिरा असतातच. त्याला लस आणि सिरम दोन्ही लागतात, आणि नेमका तोच रांगेत नसतो.

कुत्र्यांमध्येच साखळी तोडणं

एक पिसाळलेलं कुत्रं मरण्याआधी सरासरी एक ते दोन कुत्र्यांना रोग देतं. इतर साथींच्या मानानं हा आकडा लहान आहे. म्हणून गावातली निम्मी कुत्री जरी कायम लसीत राहिली तरी साखळी विझते. मग ७० टक्के का म्हणतात? कारण कुत्री कमी जगतात. गावात १०० कुत्री, त्यांतल्या ७० ना लस. वर्षभरात समजा ३० मेली आणि तेवढीच नवी पिलं आली, तर उरलेली लसवंत कुत्री ४९. म्हणजे पुढच्या शिबिरापर्यंत आपण कसेबसे निम्म्याच्या रेषेवर असतो. शिबिर एक वर्ष चुकलं की रेषेच्या बरंच खाली. मारून टाकण्यानंही हेच बिघडतं; लस घेतलेली कुत्री जातात आणि रिकाम्या जागी बिनलसीची येतात. शेतातल्या आखाड्यावरची (वस्तीवरची) आणि धनगरांच्या कळपाबरोबर फिरणारी कुत्री शिबिरात कधीच येत नाहीत, आणि कोल्ह्या-लांडग्यांशी गाठ त्यांचीच पडते. त्यांच्यापर्यंत सिरिंज घेऊन जावं लागतं.

चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर ते बांधून दहा दिवस बघावं. लाळेत विषाणू आला की कुत्रं त्यानंतर दहा दिवसांत आजारी पडून मरतंच. धडधाकट राहिलं, तर चावताना लाळेत विषाणू नव्हता. ही मोजणी फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे, मुंगूस किंवा कोल्ह्याला नाही. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, दहा दिवस वाट बघून नाही. पुढे काही डोस वगळायचे का, ते डॉक्टर ठरवतील. कुत्रं मेलं किंवा गावानं मारलं, तर डोकं ठेचू नये, पुरूनही टाकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. ते मेंदूचा तुकडा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. फॉर्मलिनमध्ये टाकला तर नेहमीची चाचणी बिघडते आणि ती बारा हजार अक्षरंही नीट वाचता येत नाहीत.